अश्रूंना न स्पर्शता : कोरड्या डोळ्यांच्या निदानाचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

२०१८ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील नेत्रतज्ज्ञांनी उत्तर भारतातील रुग्णांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. रुग्णालयात आलेल्या १५,६२५ जणांना डोळ्यांच्या त्रासाविषयी ठरावीक प्रश्न विचारले गेले. त्यांपैकी सुमारे ३२ टक्के लोकांना कोरड्या डोळ्यांचा विकार असल्याचे अनुमान निघाले. पुढच्याच वर्षी हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने आपल्या संगणकीय नोंदींतून सुमारे साडेचौदा लाख नव्या रुग्णांचा आढावा घेतला. त्यांत हे निदान झालेले रुग्ण होते २१,२९०, म्हणजे दीड टक्क्याहूनही किंचित कमी.

देश एक, रोग एक, दोन्ही संस्था नामांकित. आणि उत्तरांत वीसपटींहून अधिक तफावत!

यांपैकी कोणाचा तरी हिशेब चुकला असेल, असे विद्यार्थ्यांना प्रथम वाटेल. तसे नाही. रुग्णांचा समूह वेगळा, प्रदेश वेगळा, हे खरेच. पण मुख्य भेद प्रश्नात आहे. पहिल्या पाहणीने रुग्णाला काय जाणवते ते विचारले. दुसऱ्या आढाव्याने डॉक्टरांनी तपासून काय लिहिले ते मोजले. जाणवणे आणि दिसणे यांच्यामधली ही दरी या रोगाच्या इतिहासात आरंभापासून आहे. ती बुजविण्यासाठी गेल्या सव्वाशे वर्षांत कागद, रंग, आरसे, अवरक्त किरण, लेसर आणि संगणक असे एकामागून एक साहाय्यक आले. त्या प्रवासाची ही कथा.

मोजायचे तरी काय?

डोळ्यांच्या कोरडेपणाची तक्रार नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात संपूर्ण डोळा व्यापणाऱ्या रोगांमध्ये 'शुष्काक्षिपाक' नावाचा विकार सांगितला आहे. पापण्या कठीण आणि रूक्ष होणे, डोळा उघडताना कष्ट पडणे, दिसणे गढूळ होणे ही त्याची लक्षणे. आजच्या व्याख्येतील रोग आणि शुष्काक्षिपाक हे एकच, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तरीही एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या वर्णनात वैद्याला दिसणारे आणि रुग्णाला जाणवणारे, दोन्ही शेजारी शेजारी मांडलेले आहे. पुढे मोजमापाचे शास्त्र आले, तेव्हा ही जोडी फुटली.

मोजमाप अवघड का, हे समजण्यासाठी अश्रूंची ओळख करून घेऊ. रडताना गालावरून ओघळतात ते अश्रू आपल्याला माहीत असतात. पण डोळ्याला अष्टौप्रहर लागणारे अश्रू निराळे. दर उघडझापीबरोबर पापणी त्यांचा एक अतिशय पातळ थर पारपटलावर, म्हणजे कॉर्नियावर, पसरवते. याला अश्रूपटल म्हणतात. १९४६ साली यूजीन वुल्फ या नेत्रशरीररचनातज्ज्ञाने त्याचे तीन थरांचे चित्र मांडले : पृष्ठभागाला चिकटलेला श्लेष्माचा थर, मध्ये पाण्याचा थर, आणि सर्वांत बाहेर तेलकट द्रव्याचा अतिसूक्ष्म थर. पाणी मुख्यतः अश्रूग्रंथीतून येते. तेल पापण्यांच्या कडांशी उघडणाऱ्या ग्रंथींतून येते आणि पाण्याचे बाष्पीभवन रोखते. आतले दोन थर वुल्फच्या चित्राइतके विभक्त नसतात, ते एकमेकांत मिसळलेले असतात, हे पुढे कळले. पण विचाराला चौकट मिळाली ती याच चित्राने.

आता आकार पाहा. एका डोळ्यावर कोणत्याही क्षणी असणारे अश्रू सुमारे ७ मायक्रोलिटर, म्हणजे औषधाच्या बाटलीतून पडणाऱ्या एका थेंबाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. अश्रूपटलाची जाडी सुमारे ३ मायक्रोमीटर. माणसाचा केस त्याच्या वीसपट तरी जाड. वरचा तेलाचा थर मायक्रोमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ. शिवाय हे पटल स्थिर नाही. दर काही सेकंदांनी ते मोडते आणि पापणी ते पुन्हा घडवते. डोळ्याला काही टोचले, झोंबले किंवा लख्ख प्रकाश दिसला, की क्षणात नव्या अश्रूंचा लोंढा येतो आणि तपासायची मूळ स्थितीच वाहून जाते. शांत तळ्याची खोली काठी बुडवून मोजावी आणि काठीनेच तळे ढवळले जावे, तसा हा पेच आहे.

कागदाची पट्टी, रंगाचा थेंब

१९०३ साली ऑटो शिर्मर या जर्मन नेत्रतज्ज्ञाने एक साधी युक्ती प्रसिद्ध केली. टीपकागदाची अरुंद पट्टी टोकाशी दुमडून खालच्या पापणीत अडकवायची, पाच मिनिटे थांबायचे आणि पट्टी किती मिलिमीटर भिजली ते पाहायचे. पाच मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर अश्रू अपुरे. ही 'शिर्मर चाचणी' आजही देशभरातील नेत्रचिकित्सालयांत होते. तिला वीज लागत नाही, महागडे यंत्र लागत नाही, निकाल आकड्यात मिळतो.

उणीव एकच, पण मुळाशी भिडणारी. पापणीत कागद अडकला की डोळा झोंबतो, आणि झोंबलेला डोळा पाणी काढतो. मग मोजले जातात ते डोळ्याचे नेहमीचे अश्रू, की कागदाने आणवलेले? डोळा बधिर करून चाचणी करण्याचा पर्याय निघाला. तरी आज एक आकडा, उद्या दुसरा, ही चंचलता पुरती गेली नाही. शिवाय कागद फक्त पाण्याचे प्रमाण सांगतो. ते पाणी डोळ्यावर टिकते का, याविषयी तो मुका आहे.

दुसरी वाट रंगाची. १८७१ साली आडोल्फ फॉन बायर या रसायनशास्त्रज्ञाने फ्ल्युओरेसीन हे रंगद्रव्य तयार केले. निळ्या प्रकाशात ते हिरवे चमकते. पारपटलाच्या पृष्ठपेशी शाबूत असतील तर ते त्यांना धरत नाही. जेथे पेशी खरवडल्या किंवा विस्कटल्या असतील तेथे हिरवे ठिपके उमटतात. १८८० च्या दशकात नेत्रतज्ज्ञांनी पारपटलावरील जखमा पाहण्यासाठी त्याचा उपयोग सुरू केला. पुढे १९११ साली स्वीडनच्या आलवार गुलस्ट्रँड यांनी स्लिट लॅम्पचे प्रात्यक्षिक दाखविले. प्रकाशाची अरुंद फट डोळ्यावर तिरकी टाकायची आणि उजळलेला तेवढाच काप भिंगातून पाहायचा, ही त्यामागची कल्पना. डोळ्यातील प्रकाशवक्रीभवनावरील संशोधनासाठी गुलस्ट्रँड यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेही त्याच वर्षी. रंग आणि स्लिट लॅम्प एकत्र आले आणि डोळ्याच्या पृष्ठभागावरील बारीक इजा प्रथमच स्पष्ट दिसू लागली.

या जोडीचा सर्वांत दूरगामी उपयोग केला तो हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने. त्याच्याकडे काही स्त्रिया येत. डोळे कोरडे, तोंड कोरडे आणि अनेकींचे सांधे दुखणारे. डोळ्यांचे दुखणे डोळ्यांच्या वैद्याकडे, सांध्यांचे दुसऱ्याकडे, अशी त्यांच्या व्यथेची वाटणी होत असे. शोग्रेनने या तक्रारी एकत्र ऐकल्या. 'रोझ बेंगाल' या गुलाबी रंगद्रव्याने त्याने त्यांच्या डोळ्यांवरील विस्कटलेल्या पेशी रंगवून पाहिल्या, अश्रूग्रंथींच्या ऊतींचा अभ्यास केला आणि १९३३ साली अशा १९ स्त्रियांचे वर्णन असलेला प्रबंध स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेला सादर केला. त्यांपैकी १३ जणींना संधिवात होता. हा सबंध शरीराचा विकार आहे, डोळा हे त्याचे एक दार आहे, असे त्याचे प्रतिपादन होते.

प्रबंधाला अध्यापकपदासाठी आवश्यक तेवढी श्रेणी मिळाली नाही. दहा वर्षांनी, १९४३ साली, ऑस्ट्रेलियातील ब्रूस हॅमिल्टन यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले. आज तो विकार शोग्रेनच्याच नावाने ओळखला जातो. विद्यार्थ्यांनी यातला क्रम लक्षात ठेवावा. रंगाने पुरावा दिला हे खरे; पण कोठे पाहायचे हे त्या स्त्रियांच्या बोलण्याने सांगितले होते.

पाणी किती, यापेक्षा टिकते किती

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रश्नच पालटला. काही रुग्णांची कागदाची पट्टी चांगली भिजते, तरी डोळे जळजळतात, हे कसे? १९६९ साली डेन्मार्कच्या मोगेन्स नॉर्न यांनी डोळ्यात फ्ल्युओरेसीन घालून शेवटच्या उघडझापीपासून रंगीत पटलात पहिले काळे छिद्र पडेपर्यंतचा वेळ मोजला. पुढे अमेरिकेतील लेम्प आणि हॉली यांच्या कामातून ही 'अश्रूपटल भंगण्याची वेळ' चिकित्सेत रुजली. दहा सेकंदांच्या आत पटल फाटत असेल तर ते अस्थिर मानले जाऊ लागले. अश्रू ही केवळ साठवण नाही, ती एक रचना आहे, ही जाणीव येथून पक्की झाली.

पण येथेही जुना पेच पुढे उभा राहिला. पटलाची स्थिरता तपासण्यासाठी त्याच पटलात परका द्रव मिसळायचा! ७ मायक्रोलिटरच्या साठ्यात रंगाचा आख्खा थेंब म्हणजे वाटीभर पाण्यात घागर ओतण्यासारखेच. १९८५ साली ब्रिटनमधील मेंघर, ब्रॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रंगाशिवाय ही वेळ मोजण्याचे उपकरण मांडले. डोळ्यावर रेषांच्या जाळीचे प्रतिबिंब पाडायचे. पटल अभंग असेतो रेषा सरळ दिसतात, फाटले की तेथे त्या वेड्यावाकड्या होतात. याच गटाने फ्ल्युओरेसीन घातल्याने पटलाची स्थिरता घटते हेही दाखवून दिले. इतकी वर्षे वापरात असलेली चाचणी स्वतःच निकाल बिघडवत होती, याचा हा पुरावा होता.

या उपकरणामागची मूळ कल्पना शंभर वर्षे जुनी. १८८० साली पोर्तुगालच्या अँटोनियो प्लासिडो यांनी एका तबकडीवर काळी-पांढरी समकेंद्री वर्तुळे रंगवून मध्ये भोक ठेवले होते. तबकडी रुग्णासमोर धरायची आणि भोकातून त्याच्या पारपटलातील वर्तुळांचे प्रतिबिंब पाहायचे. पारपटलाचा आकार बिघडला असेल तर वर्तुळेही बिघडलेली दिसतात. एकोणिसाव्या शतकातील ही तबकडी पुढे व्हिडिओ कॅमेरा आणि संगणक यांना जोडली गेली. आता वर्तुळ कोठे, कोणत्या क्षणी प्रथम तुटले, हे यंत्र आपोआप टिपते आणि डोळ्याच्या नकाशावर दाखवते. काही यंत्रांत ही वर्तुळे अवरक्त प्रकाशाने टाकतात, कारण लख्ख दृश्य प्रकाशानेही डोळा पाणावतो. निरीक्षकाने आपली चाहूल लागू न देण्याची ही पराकाष्ठाच म्हणावी लागेल.

तेलाच्या थरासाठी निसर्गानेच एक मोजपट्टी ठेवली होती. पावसाळ्यात रस्त्यावरील पाण्यावर पेट्रोलचा थेंब सांडला की इंद्रधनुषी रंग फिरताना आपण पाहतो. पातळ थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठावरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात. थराच्या जाडीनुसार काही रंग उजळतात, काही विझतात. शाळेत शिकलेले प्रकाशाचे व्यतिकरण ते हेच. पापणीवरील तेल अश्रूंवर पसरते तेव्हाही हेच घडते. १९८० च्या दशकात ज्याँ-पिएर गियों यांनी या रंगांचे निरीक्षण नेहमीच्या तपासणीत करता येईल असे उपकरण घडविले. आजची यंत्रे या रंगांवरून तेलाच्या थराची जाडी नॅनोमीटरमध्ये सांगतात.

संपूर्ण पटलाच्या जाडीवर मात्र मोठा वाद झाला, आणि विज्ञान कसे चालते हे पाहण्यासाठी तो उद्बोधक आहे. जुन्या मापनांनुसार ही जाडी १० मायक्रोमीटरच्या आत मानली जाई. १९९२ साली ब्रिटनमध्ये प्रायडल आणि सहकाऱ्यांनी लेसर व्यतिकरणाने मोजून ती ४० मायक्रोमीटरच्या आसपास असल्याचे म्हटले. जुने आकडे स्पर्शाच्या पद्धतींचे, नवा आकडा प्रकाशाचा. साहजिकच नव्याकडे ओढा होता. २००० साली अमेरिकेच्या ओहायो राज्य विद्यापीठातील किंग-स्मिथ यांच्या गटाने परावर्तित प्रकाशाच्या वर्णपटावरून पुन्हा मोजमाप केले. उत्तर आले सुमारे ३ मायक्रोमीटर. त्यानंतरच्या मापनांनीही काही मायक्रोमीटरचीच साक्ष दिली. यंत्र नवे आहे एवढ्यावरून त्याचे उत्तर बरोबर ठरत नाही. प्रकाश नेमका कोणत्या पृष्ठावरून परतला, हे ओळखण्यातही चूक होऊ शकते.

या मापनांना हातभार लावणारे तंत्र १९९१ साली जन्मले. अमेरिकेच्या मॅसेच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील डेव्हिड ह्वांग, जेम्स फुजिमोटो आणि सहकाऱ्यांनी ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, म्हणजे ओसीटी, जगापुढे मांडली. सोनोग्राफीत ध्वनीचा प्रतिध्वनी टिपतात. ओसीटीत ऊतींवरून परतलेला प्रकाश व्यतिकरणाच्या साहाय्याने टिपला जातो आणि त्यावरून आडव्या छेदाचे चित्र रचले जाते. दृष्टिपटलाच्या रोगांत तिने क्रांती केली हे सर्वश्रुत आहे. कोरड्या डोळ्यांत तिचा उपयोग साधा पण मोलाचा. खालच्या पापणीच्या काठावर अश्रूंची एक बारीक कड साचलेली असते, तिची उंची ओसीटी डोळ्याला हात न लावता मोजते. शिर्मरने १९०३ साली विचारलेल्या 'पाणी किती?' या प्रश्नाला मिळालेले हे कागदाविना उत्तर होय.

पापणीच्या आतला पट

आतापर्यंत सर्वांची नजर डोळ्याच्या पृष्ठभागावर होती. तेल जेथे तयार होते त्या ग्रंथींकडे मात्र कोणी फारसे वळले नव्हते, आणि गंमत अशी की त्यांची ओळख सर्वांत जुनी होती. १६६६ साली हेल्मस्टेट येथील हाइनरिख मायबोम या जर्मन वैद्याने पापण्यांतील या ग्रंथींचे तपशीलवार वर्णन केले. त्या 'मायबोमियन ग्रंथी' म्हणूनच ओळखल्या जातात. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० ग्रंथी शेजारी शेजारी उभ्या असतात. तोंडे पापणीच्या काठावर उघडतात आणि दर उघडझापीला तेल किंचित स्रवते.

जिवंत माणसाच्या पापणीत त्या पाहायच्या कशा? विल्यम हर्शेल यांनी १८०० साली शोधलेले अवरक्त किरण येथे कामी आले. ते ऊतींत दृश्य प्रकाशापेक्षा खोलवर शिरतात आणि तेलाने भरलेल्या ग्रंथी भोवतालच्या ऊतींपासून उठून दिसतात. १९७७ साली फ्रान्समध्ये तापी यांनी आणि १९८० च्या दशकात अमेरिकेत जेस्टर व सहकाऱ्यांनी या दिशेने काम केले. परंतु त्या पद्धतीत पापणी उलटून तिच्यामागे प्रकाशाची कांडी टेकवावी लागे. रुग्णाला ते त्रासाचे, तपासणाऱ्याला किचकट. त्यामुळे हे तंत्र बराच काळ प्रयोगशाळेच्या उंबरठ्याबाहेर फारसे आले नाही.

२००८ साली जपानच्या रेइको अरिता आणि सहकाऱ्यांनी ही अडचण दूर केली. नेहमीच्या स्लिट लॅम्पला अवरक्त गाळणी आणि अवरक्त प्रकाश टिपणारा छोटा कॅमेरा जोडायचा. पापणी हलकेच उलटायची आणि समोरूनच चित्र घ्यायचे. प्रकाशाची कांडी गेली, वेदना गेली. त्यांनी २३६ निरोगी व्यक्तींच्या पापण्यांची चित्रे घेऊन दाखविले की वय वाढते तशा या ग्रंथी झडत जातात. किती भाग झडला यावरून ० ते ३ असे गुण देण्याची त्यांची पद्धत सोपी होती आणि ती जगभर पसरली. निरोगी पापणीच्या चित्रात ग्रंथी हार्मोनियमच्या पट्ट्यांसारख्या ओळीने उभ्या दिसतात. आजारी पापणीत काही पट्ट्या आखूड, काही वेड्यावाकड्या, काही जागी नुसता अंधार.

या चित्रांनी रोगाची समजूतच बदलली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय कार्यशाळेच्या अहवालाने मायबोमियन ग्रंथींचा बिघाड हे जगभरात कोरड्या डोळ्यांचे प्रमुख कारण असू शकते, असे म्हटले. म्हणजे अनेक रुग्णांच्या बाबतीत विहिरीला पाणी असते, पण तिच्यावरचे झाकण गेलेले असते. अशा वेळी केवळ कृत्रिम अश्रूंचे थेंब देत राहणे अपुरे ठरते. पापण्यांना ऊब देणे, त्यांची स्वच्छता, ग्रंथींतील घट्ट झालेले तेल मोकळे करणे, हे उपचार पुढे येतात. निदान बदलले की औषध बदलते. प्रतिमांचे खरे मोल हे.

चित्र स्वच्छ, दुखणे तसेच

इतकी साधने हाती आल्यावर सुरुवातीची दरी बुजली असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण २००४ साली अमेरिकेतील निकोल्स आणि सहकाऱ्यांनी कोरड्या डोळ्यांच्या रुग्णांची लक्षणे आणि चाचण्यांचे निकाल समोरासमोर मांडले, तेव्हा त्यांच्यात म्हणावा तसा संबंध आढळला नाही. कोणाच्या पारपटलावर ठिपकेच ठिपके आणि तक्रार नाममात्र. कोणाचा डोळा तपासणीत नितळ आणि दिवस जाईना इतकी आग. त्यानंतरच्या संशोधनानेही हा विसंवाद पुन्हापुन्हा दाखविला आहे.

याचे एक कारण प्रतिमांनीच उलगडले. मार्व्हिन मिन्स्की यांनी १९५७ साली पेटंटसाठी मांडलेल्या कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाच्या तत्त्वावर आधारलेली यंत्रे पुढे जिवंत माणसाच्या पारपटलातील मज्जातंतू दाखवू लागली. पारपटल हा शरीरातील सर्वांत संवेदनशील भागांपैकी एक. तेथील तंतूंची इजा, त्यांची घटलेली दाटी किंवा विचित्र वाढ काही रुग्णांत दिसली. तंतू दुखावले तर डोळा पुरेसा ओला असूनही जळजळू शकतो. उलट ते बधिरावले तर डोळा सुकत असूनही माणसाला कळत नाही. म्हणजे 'डोळ्यात काही दिसत नाही' या वाक्याचा खरा अर्थ अनेकदा 'माझ्या साधनाला काही दिसत नाही' एवढाच असतो. शोग्रेनच्या काळात रंग नसता, तर त्या १९ स्त्रियांचेही हेच झाले असते.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या अहवालाने यातून एक समंजस क्रम आखून दिला. आरंभ प्रश्नावलीने करायचा. लक्षणे ठरावीक पातळीच्या वर असतील तर पुढे चाचण्या : पटल भंगण्याची वेळ, तीही शक्यतो रंगाविना, अश्रूंचा खारेपणा, आणि पृष्ठभागावरील रंगाचे ठिपके. यांपैकी एक जरी बिघडलेली आढळली तरी निदान पक्के. तेलाचा थर, ग्रंथींची चित्रे, अश्रूंच्या कडेची उंची यांची पाळी त्यानंतर, रोगाचा प्रकार ठरविण्यासाठी. सर्वांत प्रगत प्रतिमांना असे दुसरे स्थान देण्यात त्यांचा अवमान नाही. 'दुखते का?' हे माणूस सांगतो, 'का दुखते?' याचा शोध यंत्र घेते.

आपल्या देशात

आता ३२ टक्के आणि दीड टक्का या आकड्यांकडे पुन्हा वळू. पहिल्या पाहणीने १२ प्रश्नांची एक प्रचलित गुणपद्धती वापरली होती. डोळ्यांत खुपणे, प्रकाश सहन न होणे, वाचताना किंवा पडद्यासमोर बसल्यावर येणारी अडचण, वाऱ्यात किंवा वातानुकूलित खोलीत होणारा त्रास, असे त्या प्रश्नांचे स्वरूप. दुसऱ्या आढाव्यात निदान नोंदले गेले तेवढेच रुग्ण आले. मोतीबिंदू किंवा चष्म्यासाठी आलेल्या माणसाने जळजळ सांगितली नसेल, विचारली गेली नसेल किंवा नोंदली गेली नसेल, तर तो त्या आकड्यात नाही. पहिला आकडा रोगाला जास्त व्यापक ठरवत असेल, दुसरा फार संकुचित. देशाच्या आरोग्यनियोजनाला मात्र दोन्ही हवेत, कारण एक त्रासाचे माप आहे आणि दुसरे निदानाचे.

प्रतिमायंत्रे ही तफावत कमी करू शकतात, पण ती पोहोचली तर. अवरक्त कॅमेरा, वर्तुळांचे प्रतिबिंब आणि व्यतिकरण यांची एकत्र सोय असलेली यंत्रे महाग असल्याने मुख्यतः मोठ्या शहरांतील रुग्णालयांत आढळतात. धुळीत, उन्हात, धुरात आणि वाऱ्यात काम करणारा देशाचा मोठा भाग त्यांपासून दूर आहे. तेथे आजही टीपकागद आणि फ्ल्युओरेसीनची पट्टी हीच साधने, आणि सजगपणे वापरली तर ती निरुपयोगी नाहीत.

वाट अगदी बंद आहे असेही नाही. भारतातील मायक्रोसॉफ्ट संशोधनगटाने बंगळुरूच्या शंकरा नेत्ररुग्णालयाच्या साहाय्याने प्लासिडोच्या वर्तुळांचा छोटा जोड थ्रीडी मुद्रणाने बनवून स्मार्टफोनला लावला आणि पारपटल शंकूसारखे होण्याच्या विकाराची चाचपणी करणारी 'स्मार्टकेसी' ही प्रणाली विकसित केली. तो रोग वेगळा. पण १८८० ची तबकडी खिशातल्या फोनवर बसू शकते, हे त्यातून दिसले. पापण्यांच्या चित्रांतून ग्रंथींचा झडलेला भाग ओळखणारे संगणकीय प्रारूपही परदेशात तयार झाले आहे. त्या वाटेने जाताना एक प्रश्न विचारायलाच हवा : हे प्रारूप कोणाच्या पापण्या पाहून शिकले? आपल्याकडील वयोगट, व्यवसाय आणि हवामान यांची चित्रे त्यात नसतील, तर त्याचे उत्तर नेमके दिसले तरी ते दुसऱ्याच कोणाविषयी असेल.

या इतिहासात प्रत्येक नव्या साधनाने जुन्याचा एकेक स्पर्श काढून टाकला. कागद गेला, थेंब गेला, प्रकाशाची कांडी गेली, अखेर लख्ख उजेडही गेला. डोळ्याला कळू न देता डोळा पाहण्याची कला माणसाने साध्य केली. या साऱ्या खटाटोपात एक चाचणी मात्र आरंभापासून तशीच आहे. तिला यंत्र लागत नाही, ती डोळ्याला झोंबत नाही आणि तिच्याने एकही जादा अश्रू येत नाही. समोरच्या माणसाला विचारायचे, 'काय होतं?' आणि तो सांगेल ते पूर्ण ऐकून घ्यायचे.